नावाची मालकी

१९८८ साली मी अठरा वर्षांचा होतो. गिरगावातल्या आमच्या चाळीत रंगीत टीव्ही मोजक्याच घरी होते आणि त्यातला एक आत्याकडे होता. आत्या खानावळ चालवायची. दुपारी अकरा ते दोन आणि रात्री आठ ते दहा अशा दोन वेळा मिळून वीस-बावीस माणसं तिच्याकडे जेवून जायची. 'वागळे की दुनिया' लागायची तेव्हा जेवणारेही हात धुवायचे थांबायचे. कारकुनी करणारा, बसच्या रांगेत उभा राहणारा तो वागळे म्हणजे आमच्यापैकीच एक. एकदा श्रेयनामावली वाचता वाचता मी मोठ्यानं म्हणालो, "दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स." आत्या पोळ्या लाटता लाटता थांबली. "म्हणजे आपली 'पायाची दासी'तली सासू?" मी हो म्हणालो. त्यावर ती म्हणाली, "बघ, म्हातारीनं स्वतःचं दुकान घातलंय. आणि पाटीवर नावही स्वतःचंच लावलंय!"

तेव्हा मी हसलो होतो. पुढे हिशेबनीस म्हणून नोकरी करता करता जुन्या सिनेमाचा नाद लागला. रद्दीवाल्यांकडे चित्रपटांच्या पुस्तिका शोधू लागलो, वाचनालयात जुनी मासिकं चाळू लागलो. या विषयाचं रीतसर शिक्षण मी घेतलेलं नाही. जमाखर्चाच्या वह्यांतून जे शिकलो, त्याच नजरेनं सिनेमाकडे पाहतो. भूमिका कोणी केली याबरोबरच पैसा कोणाचा होता, धोका कोणाचा होता आणि पाटी कोणाच्या नावाची होती, हे प्रश्न मला पडतात. दुर्गाबाई खोटे यांच्या कारकिर्दीला हे प्रश्न लावून पाहिले, तेव्हा आत्याचं ते वाक्य मला पुन्हा आठवलं.

आमिष म्हणून नाव

साहित्याच्या वाचकाला 'दुर्गाबाई' म्हटलं की आधी भागवत आठवतात. या दुसऱ्या दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ चा. माहेरचं नाव विटा लाड. वडील पांडुरंग शामराव लाड हे सॉलिसिटर. घराण्याचं मूळ गोव्याचं, पण बालपण गेलं गिरगावातल्या कांदेवाडीत, मोठ्या एकत्र कुटुंबात. शाळा कॅथेड्रल, कॉलेज सेंट झेवियर्स. लग्न होऊन खोट्यांच्या सधन घरात गेल्या आणि दोन मुलगे झाले. नंतर सासरची आर्थिक घडी विस्कटली आणि मिळवण्याची गरज पडली.

१९३१ साली मोहन भवनानी यांच्या 'फरेबी जाल'मध्ये त्यांनी एक छोटं काम केलं. काम लहान होतं, पण जाहिरात मोठी झाली. प्रसिद्ध सॉलिसिटर लाड यांची कन्या आणि नामांकित खोटे घराण्याची सून पडद्यावर येते आहे, असा गाजावाजा करण्यात आला. सिनेमात काम करणाऱ्या बाईकडे समाज कोणत्या नजरेनं पाहत होता, हे लक्षात घेतलं म्हणजे या जाहिरातीचा हिशेब कळतो. त्या निर्मात्याने एका नवख्या नटीबरोबर दोन घराण्यांची अब्रूही तिकीट खिडकीवर मांडली होती. चित्रपट हिणकस ठरला, नातेवाइकांत आणि ज्ञातीत बोभाटा झाला. बोलणी खावी लागली ती दुर्गाबाईंना.

मला या प्रसंगात त्यांच्या पुढच्या साठ वर्षांची सुरुवात दिसते. नाव त्यांचं होतं, पण ते वापरायचं कसं हे दुसऱ्यानं ठरवलं होतं.

पगारी महाराणी

त्याच 'फरेबी जाल'मुळे व्ही. शांताराम यांचं लक्ष त्यांच्याकडे गेलं. प्रभात फिल्म कंपनी तेव्हा कोल्हापुरात होती. १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि कुलकर्णी या पाच भागीदारांनी ती काढली होती. पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' याच कंपनीचा. तो ६ फेब्रुवारी १९३२ रोजी मुंबईत मॅजेस्टिकला लागला. हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे आणि तारामती दुर्गाबाई. पार्श्वगायन अजून यायचं होतं, त्यामुळे नटीला स्वतःच गावं लागे. हिंदी आवृत्तीही बरोबरच झाली. कांदेवाडीपासून मॅजेस्टिक पायी जाण्याच्या अंतरावर. ज्या गिरगावात वर्षभरापूर्वी बोभाटा झाला, त्याच गिरगावात लोक तारामतीला पाहायला रांगा लावू लागले. सुशिक्षित, पांढरपेशा घरातल्या मुलींना सिनेमाचं दार किलकिलं झालं ते इथून, असं आपण नेहमी वाचतो, आणि ते खरंच आहे.

पण हिशेबाच्या वहीत पाहिलं, तर तारामती ही कंपनीची पगारी नोकर होती. त्या काळी स्टुडिओ हे कारखान्यासारखे चालत. दिग्दर्शक, छायालेखक, सुतार, शिंपी, नटनट्या सगळे महिन्याच्या पगारावर. करार असला की बाहेर काम करायचं नाही. या व्यवस्थेत सुरक्षितता होती. त्याचबरोबर नटीचा चेहरा हा कंपनीच्या मालमत्तेत जमा होई.

दुर्गाबाईंनी ही चौकट फार लवकर ओलांडली. 'माया मच्छिंद्र'मध्ये चित्ता जवळ बाळगणारी स्त्रीराज्याची राणी त्यांनी प्रभातमध्येच साकारली. पण लगेच त्या कलकत्त्याला न्यू थिएटर्समध्ये गेल्या आणि देवकी बोस यांच्या 'राजरानी मीरा'त काम केलं. १९३४ ची 'सीता' ईस्ट इंडिया फिल्म कंपनीसाठी केली. हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. १९३६ साली पुन्हा प्रभात, 'अमरज्योती'. आज आपण याला 'फ्रीलान्स' म्हणतो. त्या वेळी या पद्धतीने काम करणारे कलावंत मोजकेच होते आणि त्यात दुर्गाबाई अगदी आघाडीवर होत्या. एका कंपनीचा पगार सोडून चित्रपटागणिक बोली करायची, म्हणजे दोन चित्रपटांच्या मधले रिकामे महिने स्वतःच्या अंगावर घ्यायचे. दोन मुलांच्या आईने ते घेतले.

'अमरज्योती'तली त्यांची सौदामिनी पाहा. मुलाचा ताबा नाकारला गेलेली ही बाई समुद्रावर जाते, चाचेगिरी करते, पुरुषसत्तेविरुद्ध युद्ध पुकारते. जहाज तिचं, माणसं तिची, हुकूम तिचा. पडद्यावर. पडद्यामागे जहाज प्रभातचंच होतं. हे प्रभातला कमीपणा आणायला लिहीत नाही. त्या कंपनीने जे केलं, ते दुसऱ्या कोणालाच जमलं नसतं. मी फक्त मालकीची नोंद करतो आहे.

याच चित्रपटातल्या दुसऱ्या अभिनेत्री शांता आपटे. १९३९ साली कराराच्या वादातून त्या पुण्यात प्रभातच्या दाराशी उपोषणाला बसल्या. पुढच्या वर्षी त्यांनी 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहिलं. एकीने दाराशी बसून हक्क मागितला, दुसरी दारातून आतबाहेर जात राहिली. प्रश्न दोघींचा एकच होता : माझ्या चेहऱ्याची किंमत कोण ठरवणार?

एकच चित्रपट

१९३७ साली दुर्गाबाईंनी स्वतः निर्मिती केली. हिंदीत 'साथी', मराठीत 'सवंगडी'. काही ठिकाणी दिग्दर्शनाचं श्रेयही त्यांना दिलं जातं. हा लेख निर्मितीपुरता आहे. तेव्हा वय बत्तीस, पडद्यावर येऊन सहा वर्षं झालेली.

निर्मातीची वाट धरणाऱ्या त्या पहिल्या नव्हेत. फातमा बेगम यांनी मूकपटाच्या काळात, १९२६ साली, स्वतःची फिल्म कंपनी काढली होती. जद्दनबाईंचीही कंपनी होती. ललिता पवार यांनी १९३८ मध्ये टॉलस्टॉयच्या कादंबरीवरून 'दुनिया क्या है' काढला. हिमांशू राय यांच्या निधनानंतर, १९४० पासून, देविकाराणी बॉम्बे टॉकीजचा कारभार पाहू लागल्या आणि पाच वर्षांनी त्यातून बाहेर पडल्या. काननदेवींनी १९४९ मध्ये श्रीमती पिक्चर्स सुरू केली. शोभना समर्थ यांनी १९५० साली 'हमारी बेटी' काढून नूतनला पडद्यावर आणलं आणि दहा वर्षांनी 'छबीली'तून तनुजाला.

ही यादी वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. यातल्या बहुतेक निर्मितीमागे एक चेहरा उभा आहे. कुठे स्वतःचा, नायिका म्हणून टिकण्यासाठी. कुठे मुलीचा, तिला उभं करण्यासाठी. त्यात गैर काही नाही. पुरुष निर्मात्यांनीही आपले भाऊ आणि मुलगे असेच उभे केले. पण चेहऱ्यावर उभी राहिलेली कंपनी बहुधा त्या चेहऱ्याबरोबरच उतरणीला लागते.

कथापटाचं अर्थशास्त्रही समजून घ्यायला हवं. निर्माता पैसा आधी घालतो. वितरक आगाऊ रक्कम देतो, पण ती नायक-नायिकेची नावं पाहून. थिएटरवाला आपला वाटा आधी काढून घेतो. निर्मात्याच्या हाती जे यायचं, ते सगळ्यात शेवटी. पडलेला एक चित्रपट घर विकायला लावू शकतो. त्यात महायुद्ध आलं. कच्च्या फिल्मचा तुटवडा झाला. सरकारने चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर आणली, म्हणजे जेमतेम दोन तास. पाठोपाठ कच्ची फिल्म परवान्यावर मिळू लागली. युद्धात नफा केलेल्यांचा पैसा या धंद्यात शिरला, स्टुडिओंची पगारी व्यवस्था ढासळली. १९५१ साली स. का. पाटील समितीने चित्रपटव्यवसायाचा अहवाल दिला. हंगामी निर्मात्यांची गर्दी आणि ताऱ्यांचे वाढते मोबदले ही त्यातली मोठी दुखणी होती.

या पार्श्वभूमीवर दुर्गाबाईंची चाल मला विलक्षण वाटते. एकीकडे त्या अभिनय करतच होत्या. अत्र्यांच्या 'पायाची दासी'त (१९४१) त्यांनी वनमालाबाईंना छळणारी खाष्ट सासू रंगवली. वय अवघं छत्तीस. नायिकेची गादी त्यांनी आपण होऊन सोडली आणि त्याबद्दल पारितोषिकही घेतलं. 'भरत मिलाप', 'पृथ्वीवल्लभ' याच काळातले. आणि १९५२ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्या पुन्हा निर्मितीत उतरल्या. या वेळी कथापट नाही. संस्थेचं नाव होतं 'फॅक्ट फिल्म्स'.

नव्वद फुटांचा धंदा

फॅक्ट म्हणजे वस्तुस्थिती. स्वप्न विकणाऱ्या धंद्यात वीस वर्षं घालवलेल्या बाईने हे नाव घ्यावं, यातच बरंच काही आलं. काम होतं लघुपट, माहितीपट आणि जाहिरातपटांचं. पुढे याच कामासाठी 'दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स' उभी राहिली.

वेळ नेमकी होती. १९४८ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाली होती. मुख्य चित्रपटाआधी मान्यताप्राप्त लघुपट दाखवणं थिएटरांना बंधनकारक झालं. उद्योगधंदे वाढत होते. साबण, चहा, औषधं, कापड यांच्या जाहिराती थिएटरात दाखवल्या जात. म्हणजे लहान फिल्मला गिऱ्हाईक तयार झालं होतं. असं गिऱ्हाईक, जे नायिका कोण हे विचारत नव्हतं.

या कामाची जात वेगळी. पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला नव्वद फूट पळते. मिनिटाची जाहिरात म्हणजे नव्वद फूट. त्यात विषय समजला पाहिजे, वस्तू दिसली पाहिजे, भाषा बदलली तरी ओठ जुळले पाहिजेत. पैसा इथे आधी ठरतो. गिऱ्हाईक ठरावीक रक्कम देतो, त्यातच काम बसवायचं आणि दिलेल्या तारखेला हातात द्यायचं. शुक्रवारी काय होईल याची धाकधूक नाही, पण शुक्रवारचं घबाडही नाही. रुपयाचे तीन कधी होत नाहीत. रुपयाचा सव्वा रुपया वर्षानुवर्षं होत राहतो, पण त्यासाठी शब्द पाळावा लागतो. आमच्या हिशेबनिसांच्या भाषेत, कथापट हा सट्टा आणि हा धंदा.

खानावळीचं गणितही हेच असतं, हे मी आत्याकडे पाहून शिकलो. लग्नाच्या पंगतीत एका दिवसात मोठी रक्कम मिळते. खानावळीत माणशी चार आणे सुटतात, पण रोज सुटतात. मात्र रोज वेळेवर ताट वाढावं लागतं, आणि एक दिवस भात करपला तर बोलणी खाऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा वाढावं लागतं.

याच काळात दुर्गाबाई रंगभूमीवरही होत्या. शिरवाडकरांनी 'मॅकबेथ'वरून केलेल्या 'राजमुकुट'मध्ये त्यांनी नानासाहेब फाटकांसमोर लेडी मॅकबेथच्या धर्तीची भूमिका केली. ते १९५४ साल होतं. १९६० साली 'मुघल-ए-आझम'ची जोधाबाई आली. 'बॉबी'तली मिसेस ब्रिगांझा १९७३ ची. 'बिदाई'साठी सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. १९६८ साली पद्मश्री आणि १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार. लोकांच्या मनात त्यांची प्रतिमा पक्की झाली ती याच काळात : राजमाता, सोशिक आई, खानदानी सासू. पडद्यावरची ही आई दुसऱ्यांच्या घरात राही, दुसऱ्यांच्या मुलासाठी रडे. स्टुडिओतून घरी गेली की ती स्वतःच्या कंपनीची मालक असे. ही दुसरी बाई प्रेक्षकांना दिसलीच नाही. दिसणार तरी कशी? चित्रपटसूचीत जाहिरातपट येत नाहीत. त्यांच्या पुस्तिका छापल्या जात नाहीत, पोस्टर लागत नाहीत. माल बदलला की फिल्म अडगळीत जाते. आपल्या चित्रपट-इतिहासाची मोजपट्टीच कथापटांची आहे. त्या पट्टीने मोजलं, तर निर्माती दुर्गा खोटे म्हणजे १९३७ सालचा एक चित्रपट, बस्स. दरम्यानची कामाची वर्षं त्या पट्टीवर उमटतच नाहीत.

पाटी

१९७६ साली दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या. १९८२ मध्ये रंग आला. १९८४ च्या 'हम लोग'नंतर प्रायोजित मालिकांचं युग सुरू झालं. या मालिकांची रीत अशी होती : भाग निर्मात्याने करायचा, वेळ दूरदर्शनने द्यायची, पैसा प्रायोजकाने. ठरलेली मिनिटं, ठरलेलं अंदाजपत्रक, न चुकणारी तारीख. कथापट काढणाऱ्या अनेकांना ही शिस्त नवी होती. जाहिरातपट करणाऱ्या संस्थेच्या ती हाडात मुरलेली होती. त्यामुळे 'वागळे की दुनिया' दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सने करावी, हा मला योगायोग वाटत नाही. आर. के. लक्ष्मण यांचा सामान्य माणूस, कुंदन शहांचं दिग्दर्शन, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर हे दांपत्य. भव्यता नाही, खलनायक नाही. घरखर्च, शेजारी, कचेरी. थोडक्यात, फॅक्ट.

दुर्गाबाईंचं वय तेव्हा त्र्याऐंशी. १९३१ साली त्यांच्या माहेर-सासरच्या नावाचा दुसऱ्याने गळ केला होता. १९८८ साली तेच नाव देशभरातल्या घरांत दर आठवड्याला उमटत होतं, आणि या वेळी ते मालकाच्या जागी होतं. मधल्या काळात, १९८२ साली, त्यांचं आत्मचरित्र आलं. त्याचं शीर्षकही 'मी, दुर्गा खोटे'. पुढे शांता गोखले यांनी ते इंग्रजीत नेलं. पुस्तकाचं नाव, संस्थेचं नाव, दोन्ही ठिकाणी त्यांनी टोपणनाव घेतलं नाही की घराण्यामागे दडल्या नाहीत. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्या गेल्या. तारामतीचं छायाचित्र तेव्हाही आपल्या डोळ्यांसमोर आलं आणि आजही येतं. माझं म्हणणं इतकंच, की त्याच्या शेजारी दुसरं चित्र ठेवावं : टेबलाशी बसून अंदाजपत्रक तपासणारी, लोकांचे पगार भागवणारी, तारीख पाळणारी बाई. नटी म्हणून त्यांनी काय दिलं हे आपण मान्य केलेलंच आहे. पण नटीचं वय झाल्यावरही तिला स्वतःच्या बळावर या धंद्यात राहता येतं, आणि त्यासाठी नायिका असावं लागत नाही, हे त्यांनी करून दाखवलं. त्यांच्या मागून आलेल्या बायकांना हे शिकवणं अधिक उपयोगाचं होतं, असं मला वाटतं.

आत्या १९९९ साली वारली. तिची कागदपत्रं आवरणं माझ्याकडे आलं. खानावळीचा परवाना काकांच्या नावाचा होता. काका १९७० सालीच गेले होते. गिऱ्हाइकं ती जागा त्यांच्याच नावाने ओळखत. रेशनकार्डावर आत्याच्या नावापुढे व्यवसाय लिहिला होता, 'घरकाम'. तीस-पस्तीस वर्षं जिने रोज माणसं जेवू घातली, दोन मुलींची लग्नं केली, मला फीचे पैसे दिले, तिच्या धंद्याची नोंद कुठेच नव्हती. सापडली ती एक लांबट वही. तिच्यात तिच्या अक्षरात कोणी किती दिवस जेवलं आणि कोणाकडे किती येणं आहे, ते लिहिलेलं होतं.

ती वही मी ठेवून घेतली आहे. माझ्या सिनेमाच्या पुस्तिकांच्या कपाटात, त्याच खणात.